वायरशार्कचं जुनं घरचं प्लगइन: दुरुस्त करू की नव्याने लिहू?

गुरुवार_सुट्टी | सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, मदत पाहिजे. जरा लांबण लागणारे, आधीच सांगतो.

भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे मी, विजेच्या मीटरांचं रीडिंग गोळा करणारे डबे बनवतो आम्ही. नवे मीटर डीएलएमएस (मीटरांचा प्रमाणित प्रोटोकॉल) बोलतात त्यांचं काही नाही, पण २०१२च्या आसपास बसवलेले जुने डबे अजून ठिकठिकाणी जिवंत आहेत आणि ते टीसीपीवर आमचा स्वतःचाच घरगुती प्रोटोकॉल बोलतात. तो वाचायला तेव्हाच्या एका सिनियरने वायरशार्कचं (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम) प्लगइन, म्हणजे जोडभाग, लिहिलेलं, सीमध्ये, एकच फाइल, ४१०० ओळी. सर केव्हाच सोडून गेले. प्लगइन चालतं फक्त वायरशार्क १.१०वर, आणि १.१० उरलंय फक्त एका विंडोज ७च्या लॅपटॉपवर, ज्याचं बिजागर तुटलंय आणि स्क्रीनच्या मागे पुठ्ठ्याचा खोका टेकवल्याशिवाय ती उभी राहत नाही. साइटवर काही बोंब झाली की कॅप्चर (पकडलेल्या पॅकेटांची फाइल) पेनड्राइव्हवर आणायचं आणि त्या खोक्यासमोर रांग लावायची.

आता साहेब म्हणतात तुला सी येतं ना, मग हे वायरशार्क ४.४वर आण. घेतलं कंपाइल करायला तर ३५०च्या वर एरर, निम्मी फंक्शनंच अस्तित्वात नाहीत म्हणतंय. बरं जुन्या लॅपटॉपवर तरी नीट चालतं का, तर तेही नाही, फाइल उघडली की सगळे रिस्पॉन्स 'अननोन' दिसतात, मग आधी रिक्वेस्टवर क्लिक करायचं, मग तिच्या रिस्पॉन्सवर, की तो उलगडतो. ही आमच्याकडे रीतच आहे, मी जॉइन झालो तेव्हा टेस्टिंगच्या दादांनी रीतसर शिकवली, 'आधी वरच्याला टिचकी, मग खालच्याला', आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. आणि वेळ काढायच्या फंक्शनात ९४६६६५००० असा एक आकडा मिळवलाय, वर कमेंट फक्त 'हात लावू नये'. पुणेरी पाटीच. कारण नाही, तारीख नाही.

गुरुवारी घरी असतो तेव्हा काढीन म्हणतोय, पण आहे ते दुरुस्त करू की सगळं पुसून नव्याने लिहू हेच ठरत नाहीये.

पेठी_पॉइंटर | मंगळवार, सकाळी ८:०५

उडव. ४१०० ओळी एका फाइलीत, लेखक परागंदा, कमेंटमध्ये धमकी. स्पेक (प्रोटोकॉलचा लिखित तपशील) काढ, कोरी फाइल उघड, दोन गुरुवारांत संपेल. दुसऱ्याचं जुनं वाचण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात नवं उभं राहतं.

गुरुवार_सुट्टी | मंगळवार, दुपारी १:४०

स्पेक आहे हो पण ती वर्डची फाइल आहे आणि ती खोटं बोलते. त्यात लिहिलंय हेडरमधली लेंग्थ म्हणजे फक्त पेलोडची, हेडरचे ८ बाइट धरायचे नाहीत. प्लगइनमध्ये मात्र व्हर्जनचा बाइट ३ किंवा जास्त असेल तर लेंग्थमधून ८ वजा केलेत. आत्ता जेवणाच्या सुट्टीत एक कॅप्चर बघितलं, डबा खरंच हेडरसकट लेंग्थ पाठवतो. म्हणजे फर्मवेअरवाल्यांनी मध्येच कधीतरी बदललं आणि कागदावर कुणी घेतलंच नाही.

कोथरूडची_कैरी | मंगळवार, दुपारी २:१५

पॉइंटरभाऊ, वाचलंत का वरचं? स्पेकवरून नवं लिहिलं असतं तर तिथेच दात आपटले असते, आणि कळलं असतं सहा महिन्यांनी, कुठल्यातरी साइटवरून शिव्या आल्यावर. तुमचा खरा स्पेक ती ४१०० ओळींची फाइलच आहे, तेरा-चौदा वर्षांत फील्डमध्ये जे जे विचित्र दिसलं ते सगळं तिच्यात गाडलेलं असणार. मी हिंजवडीत हेच काम करते, पॅकेट अ‍ॅनालायझरचे डिसेक्टर (एकेक प्रोटोकॉल उलगडणारा कोड) सांभाळणं, आणि माझा अनुभव उलटा आहे, जुन्या कोडमधली प्रत्येक कुरूप ओळ ही कुणाच्या तरी वाया गेलेल्या रात्रीची पावती असते.

३५० एररना घाबरू नकोस रे. त्या ३५० वेगवेगळ्या भानगडी नसतात, चार-पाचच असतात, पुन्हा पुन्हा येतात. १.१० आलं जून २०१३मध्ये. त्यानंतर २.०मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०१५, खिडक्या-बटणांची लायब्ररी जीटीके मागे पडून क्यूटी आलं हे सगळ्यांना दिसलं, पण त्याच सुमारास आतली साफसफाईही मोठी झाली. तुझ्याकडे बघ, प्रोटो_ट्री_अ‍ॅड_टेक्स्ट असेल भरपूर, ते गेलं. ईपी_अ‍ॅलॉक असेल, ते गेलं, आता मेमरीसाठी डब्ल्यूमेम वापरायचं. टीव्हीबी_लेंग्थ गेलं. आणि डिसेक्ट फंक्शन पूर्वी काही परत करायचं नाही, आता किती बाइट खाल्ले ते इंटमध्ये सांगावं लागतं. नावं देवनागरीत लिहिली की लग्नपत्रिकेतल्यासारखी दिसतात, असो.

यातलं टीव्हीबी_लेंग्थ जपून बदल. फाइंड-रिप्लेस मारून सगळीकडे टीव्हीबी_कॅप्चर्ड_लेंग्थ करायचा मोह होईल, अर्थ तोच आहे म्हणून. पण डिसेक्टरला बहुतेक ठिकाणी हवी असते रिपोर्टेड लेंग्थ, म्हणजे तारेवर पॅकेट मुळात केवढं होतं ती. तुमचा साइटवरचा माणूस टीसीपीडंपला (कमांडवरून पॅकेट पकडणारा प्रोग्रॅम) ९६ बाइटची मर्यादा लावून कॅप्चर घेत असेल तर दोन्हींत फरक पडतो. बरोबर लिहिलंस तर वायरशार्क सांगतं की कॅप्चर करताना पॅकेट कापलं गेलंय, चुकीचं लिहिलंस तर चांगल्या पॅकेटाला 'मालफॉर्म्ड' म्हणतं नाहीतर गुपचूप अर्धवट दाखवतं, आणि मग तुम्ही डब्याला दोष देत बसता.

ल्युआप्रेमी | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

सी कशाला पण? ल्युआत (छोटी स्क्रिप्ट भाषा) लिहा, कंपाइलरच नको, फाइल फोल्डरात टाकली की झालं. प्रत्येक नव्या व्हर्जनला डीएलएल (प्लगइनची कंपाइल केलेली फाइल) पुन्हा बनवायची कटकट नाही. ४.४मध्ये तर ल्युआ ५.४ आलंय. आमच्याकडे सगळे घरगुती प्रोटोकॉल ल्युआतच.

पेठी_पॉइंटर | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

आणि २ जीबीचं कॅप्चर उघडलं की चहा पिऊन या, परत या, अजून एक प्या.

ल्युआप्रेमी | मंगळवार, संध्याकाळी ७:२२

२ जीबी कोण उघडतं दादा, आधी एडिटकॅपने (वायरशार्कसोबतचं कॅप्चर बदलायचं टूल) तुकडे करा ना. पण हो, स्लो आहे, ते मान्य. तरी नव्याने करायचं असेल तर ल्युआ, असलेलं वाचवायचं असेल तर सी, एवढंच म्हणणं.

गुरुवार_सुट्टी | मंगळवार, रात्री १०:४५

कैरीताई, खरंच चार-पाचच भानगडी आहेत. २१२ एरर एकट्या त्या टेक्स्टवाल्याच्या.

पण एक घोळ करून बसलोय. तो ९४६६६५०००. दुपारी नेटवर शोधलं तर १ जानेवारी २०००चा युनिक्स टाइम (१९७०च्या सुरुवातीपासूनचे सेकंद) ९४६६८४८०० आहे. म्हटलं सरांच्या हातून टाइपो झालाय, दुरुस्त केला. आता मध्यरात्री बाराचं रीडिंग पहाटे साडेपाचला दिसतंय. परत जुना आकडा टाकला की बरोबर. का ते कळत नाही. सरांना फोन पण लावला, ते म्हणाले अरे मला काल काय जेवलो ते आठवत नाही.

जुना_टेलेक्स | बुधवार, पहाटे ५:३५

९४६६८४८०० वजा ९४६६६५००० किती होतात? १९८००. त्याला ६०ने भागा, ३३० मिनिटं. म्हणजे साडेपाच तास. म्हणजे काय ते आता मी सांगायला नको.

तुमच्या डब्यातलं घड्याळ भारतीय वेळेवर चालतं, आणि १ जानेवारी २०००च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं, पण आपल्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या नव्हे. आपल्याकडे २००० साल उजाडलं तेव्हा ग्रीनिचला ३१ डिसेंबरचे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. युनिक्सचं मोजमाप ग्रीनिचचं, म्हणून १९८०० वजा. नंतर वायरशार्क तुमच्या पीसीच्या लोकल टाइमवर दाखवतं तेव्हा साडेपाच तास परत मिळवले जातात आणि हिशेब जुळतो. गृहस्थाने बरोबर केलंय, फक्त वजाबाकी करून उत्तर लिहिलं, रीत लिहिली नाही. आमच्या वेळी गणिताचे मास्तर याला अर्धेच मार्क देत.

कोथरूडची_कैरी | बुधवार, सकाळी ९:००

काका _/\_

गुरुवारभाऊ, आता दोन वेगळे कॉन्स्टंट कर, एक २०००च्या मध्यरात्रीचा, एक आयएसटीचा १९८००, आणि वजाबाकी कोडमध्येच राहू दे, कंपाइलर करेल. आणि फील्ड अ‍ॅब्सोल्यूट टाइम लोकल असंच ठेव. पुढे कुणी यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची वेळ, केलं की परत साडेपाच तास मागे जाईल.

पेठी_पॉइंटर | बुधवार, सकाळी ९:२०

ठीक आहे, उडव म्हणणं मागे घेतो. टायपो मीही समजलो असतो.

गुरुवार_सुट्टी | बुधवार, दुपारी १:३०

काका तुम्ही पहाटे साडेपाचला साडेपाच तासांचं कोडं सोडवलंत. ऑफिसात वाचून दाखवलं, साहेब पण गप्प.

आता ते दोन टिचक्यांचं सांगा ना कुणीतरी.

कोथरूडची_कैरी | बुधवार, रात्री ९:५०

हे सांगायला मला आवडेल, कारण मी स्वतः यात एक आख्खा आठवडा घालवलाय.

तुमच्या रिस्पॉन्समध्ये तो कशाचा रिस्पॉन्स आहे ते लिहिलेलं नसणार, फक्त सिक्वेन्स नंबर असेल. बरोबर? म्हणून प्लगइन रिक्वेस्ट दिसली की तिचा नंबर नि कमांड कुठेतरी टिपून ठेवतं आणि रिस्पॉन्स आला की तिथे बघतं. आता तुझी फाइल उघड आणि बघ, ते टिपून ठेवणं 'इफ ट्री'च्या कंसात आहे का. पैज लावते, असणार.

गंमत अशी, की वायरशार्क फाइल उघडताना सगळी पॅकेटं एकदा ओळीने वाचून काढतं, आणि त्या पहिल्या फेरीत त्याला खालच्या पॅनलमधलं तपशिलाचं झाड नको असतं, फक्त वरच्या यादीचे कॉलम भरायचे असतात. फिल्टर वगैरे काही नसेल तर ट्री हा पॉइंटर नल येतो. म्हणजे 'इफ ट्री'च्या आतलं काहीच चालत नाही, एकही रिक्वेस्ट टिपली जात नाही, सगळे रिस्पॉन्स अनोळखी. मग तू रिक्वेस्टवर क्लिक करतोस, आता झाड हवं म्हणून ते पॅकेट परत डिसेक्ट होतं, ट्री नल नाही, कमांड टिपली जाते. मग रिस्पॉन्सवर क्लिक, जोडी सापडते. तुमच्या दादांची टिचकी म्हणजे यूजरने हाताने केलेली पहिली फेरी.

तुमच्या सरांना नावं ठेवू नका हं, त्या काळी स्पीडसाठी सगळेच 'इफ ट्री' लिहायचे. पण स्पीडसाठी गाळायचं ते फक्त दाखवायचं काम, लक्षात ठेवायचं काम कधीच नाही.

गुरुवार_सुट्टी | बुधवार, रात्री १०:०५

ताई पैज जिंकलात. ओळ ११८७. पण मग सर स्वतः रोज वापरायचे, त्यांना कसं नाही दिसलं?

कोथरूडची_कैरी | बुधवार, रात्री १०:१२

ते कसं बघायचे?

गुरुवार_सुट्टी | बुधवार, रात्री १०:३०

एक बॅच फाइल सापडली, रात्रीची कॅप्चर टीशार्कला (वायरशार्कचं कमांडवरचं रूप) देऊन टेक्स्ट फाइल बनवणारी. टीशार्कला मायनस कॅपिटल व्ही दिलाय.

कोथरूडची_कैरी | बुधवार, रात्री १०:३४

संपलं मग. मायनस व्ही म्हणजे सगळा तपशील छापा, म्हणजे पहिल्या पॅकेटपासून झाड बनतं. त्यांना हा बग आयुष्यात दिसला नसणार.

पेठी_पॉइंटर | बुधवार, रात्री ११:१५

टिपणं कंसाबाहेर काढून थांबू नकोस. सिक्वेन्स नंबर १६ बिटचा ना? ६५५३६ झाले की परत शून्य. सेकंदाला एक पोल धरला तर १८ तास १२ मिनिटांत चक्र पूर्ण होतं. आदल्या दिवशी दुपारी लावलेलं कॅप्चर सकाळी बघायला घेतलंस तर एकाच नंबराच्या दोन रिक्वेस्ट त्यात असणार, नुसत्या नंबरावरून शोधलंस तर नंतरची सापडेल, आणि यादीत वर जाऊन जुन्या रिस्पॉन्सवर क्लिक केलंस तर त्याला नव्या रिक्वेस्टची कमांड चिकटेल. ते 'अननोन'पेक्षा वाईट, कारण चुकीचं असून नीट दिसतं.

कोथरूडची_कैरी | गुरुवार, सकाळी ७:४०

+१. म्हणून जोडी लावायची ती पहिल्या फेरीतच, म्हणजे पॅकेटवर 'व्हिजिटेड'चा शिक्का नसताना, तेव्हा पॅकेटं काळाच्या क्रमानेच येतात हे नक्की असतं. लागलेली जोडी त्या पॅकेटच्याच खात्यात ठेवून द्यायची, फाइल स्कोपच्या (फाइल बंद होईपर्यंत टिकणाऱ्या) मेमरीत. नंतर यूजर उलटसुलट कुठेही क्लिक करो, तू फक्त खातं वाचायचंस, नवीन काही लिहायचं नाहीस. आणि टिपण दर कॉन्व्हर्सेशनला वेगळं ठेव, सगळ्या डब्यांचं मिळून एक ग्लोबल टेबल असेल तर दोन डब्यांचे नंबर एकमेकांत जातील.

रिस्पॉन्सच्या झाडात रिक्वेस्टच्या फ्रेमचा नंबर पण टाक, फ्रेमनम टाइपचं फील्ड, डबलक्लिक केलं की तिकडे उडी मारतं. दहा ओळींचं काम आहे पण टेस्टिंगवाले दुवा देतील.

सिंहगड_ट्रेक | गुरुवार, सकाळी ११:००

मी नवीन आहे, विषय भारी चाललाय. एक शंका, मी लिनक्सवर वायरशार्क सुडोने (रूटचे अधिकार घेऊन) चालवतो, नाहीतर इंटरफेसच दिसत नाहीत. चालतं ना?

पेठी_पॉइंटर | गुरुवार, सकाळी ११:०४

नाही चालत. वर वाचलंस ना कोड कसा असतो ते? असल्या हजारो प्रोटोकॉलांचा कोड, आणि बाहेरून आलेले बाइट त्यात ओततोस, रूट म्हणून. कॅप्चरपुरता अधिकार फक्त डंपकॅपला द्यायचा, तो छोटा प्रोग्रॅम आहे, म्हणूनच वेगळा ठेवलाय. डेबियन-उबंटूवर वायरशार्क नावाच्या ग्रुपात स्वतःला टाक, लॉगआउट-लॉगिन कर.

जुना_टेलेक्स | गुरुवार, दुपारी १२:१५

अवांतर लिहितो, क्षमस्व. १९९८मध्ये जेराल्ड कॉम्ब्स यांनी हे बाहेर आणलं तेव्हा नाव होतं इथरियल. २००६मध्ये ते नोकरी बदलून गेले, नावाचा ट्रेडमार्क जुन्या ठिकाणी राहिला म्हणून वायरशार्क झालं. आमच्याकडे तोवर नुसतं टीसीपीडंप. हेक्सचा कागद काढायचा, पट्टी धरायची, पेन्सिलीने बाइट मोजायचे. ४५ ००ने सुरू झालं की आयपीचं हेडर, तिथून दहावा बाइट ०६ दिसला की टीसीपी, हे अजून झोपेतून उठवलं तरी सांगेन. चूक मात्र कधी सॉफ्टवेअरची नसायची, नेहमी आमचीच.

गुरुवार_सुट्टी | गुरुवार, रात्री ११:५०

आजची प्रगती. सुट्टी, दिवसभर बसलो, आई दोनदा विचारून गेली की बरं वाटत नाहीये का.

४.४वर कंपाइल होतंय. टेक्स्टवाल्या २१२ जागांपैकी १४० खरी फील्डं केली, आता त्यांच्यावर फिल्टर लागतो, मीटर नंबरवरून शोधता येतं, पूर्वी डोळ्यांनी शोधायचो. बाकीच्या नुसत्या सजावटीच्या ओळी होत्या, काढल्या. जुन्या कोडमध्ये एंडियनच्या (बाइटांचा क्रम) जागी कुठे ट्रू, कुठे फॉल्स होतं, ट्रू म्हणजे लिटल एंडियन हे ताईंनी खासगी निरोपात सांगितलं नसतं तर उलटं केलं असतं. हेडर बिग एंडियन आणि पेलोड लिटल, असा आमचा संसार.

पण लोड प्रोफाइलच्या रिस्पॉन्सला लाल पट्टा, मालफॉर्म्ड. छोटे सगळे ठीक.

कोथरूडची_कैरी | शुक्रवार, सकाळी ८:३०

तो रिस्पॉन्स १४६०च्या वर आहे का? इथरनेटवर १५०० मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० गेले की एका सेगमेंटात १४६० बाइटच मावतात. जुन्या कोडने 'एक पॅकेट म्हणजे एक मेसेज' असं धरलेलं असणार. टीसीपीला मेसेज माहीत नसतो, तो नळ आहे, बादल्या आपण मोजायच्या. उलटही होतं, तीन छोटे मेसेज एकाच सेगमेंटात येतात आणि जुनं प्लगइन पहिलाच दाखवत असेल.

टीसीपी_डिसेक्ट_पीडीयूज वापर. हेडर ८ बाइटचं हे सांग, लेंग्थ काढून देणारं छोटं फंक्शन दे, व्हर्जन ३ची गोम त्याच फंक्शनात जाऊ दे, एकाच जागी. तुकडे जोडणं, एकातून अनेक काढणं सगळं ते करतं. फक्त टीसीपीच्या प्रेफरन्समध्ये सबडिसेक्टरला स्ट्रीम जोडू देण्याचं चालू असावं लागतं, ते डिफॉल्टने असतंच. आणि कॅप्चर मेसेजच्या अधेमध्ये सुरू झालं असेल तर पहिले काही बाइट कचरा दिसतील, तो तुझा बग नाही, मॅजिकचे (मेसेजच्या सुरुवातीच्या ओळखीचे) दोन बाइट जुळत नसतील तर सरळ नाही म्हण.

ल्युआप्रेमी | शुक्रवार, सकाळी १०:१०

एखादं पीकॅप (कॅप्चरची फाइल) टाका ना इथे, आम्ही पण खेळून बघतो.

गुरुवार_सुट्टी | शुक्रवार, दुपारी १:३५

नाही टाकता येणार भाऊ, ग्राहकांचे मीटर नंबर आहेत त्यात, रीडिंगवरून कोण कधी घरी नसतं तेसुद्धा कळतं. टेस्ट बेंचवरच्या डब्याचं वेगळं कॅप्चर बनवतोय, ते गिटमध्ये कोडच्या शेजारीच ठेवणार.

मालफॉर्म्ड गेलं ताई. आणि एका सेगमेंटात खरंच दोन-दोन मेसेज होते, १.१०वर एवढी वर्षं दुसरा कुणाला दिसतच नव्हता. 'डबा कधीकधी उत्तर देत नाही' अशी एक तक्रार वर्षानुवर्षं उघडी पडलीये आमच्याकडे, त्यातले काही तर हेच निघाले, उत्तर आलेलं होतं.

पेठी_पॉइंटर | शुक्रवार, दुपारी ४:००

आता फझिंग कर, म्हणजे मुद्दाम बिघडवलेला डेटा देऊन बघ. एडिटकॅपला मायनस कॅपिटल ई ०.०२ दिलं की तो दर शंभरातले साधारण दोन बाइट बिघडवतो. सोर्सच्या टूल्स फोल्डरात फझ-टेस्टची स्क्रिप्ट आहे, ती हेच करते, फाइल बिघडव, टीशार्कला दे, मेला का बघ, पुन्हा. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा) चालू करून बिल्ड घे आणि रात्रभर लावून झोप.

गुरुवार_सुट्टी | शनिवार, सकाळी ७:१५

मेला नाही. लटकला. रात्री १२:४० पासून एक टीशार्क १०० टक्के सीपीयूवर, फॅनचा आवाज ऐकून आईने उठवलं.

पेठी_पॉइंटर | शनिवार, सकाळी ७:२८

लूपमध्ये ऑफसेट पुढे सरकत नाहीये. पेलोडमध्ये टॅग-लेंग्थ-व्हॅल्यू आहे का? लेंग्थ शून्य आली तर काय होतं?

गुरुवार_सुट्टी | शनिवार, सकाळी ८:१०

तेच. आमच्यात टीएलव्हीची लेंग्थ स्वतःचे २ बाइट धरून असते, म्हणजे कमीत कमी २. कोड लिहितो ऑफसेट अधिक लेंग्थ. बिघडवलेल्या फाइलीत ती शून्य झाली, ऑफसेट तिथल्या तिथे, लूप जन्मभर. आता २ पेक्षा कमी असेल तर एक्स्पर्ट इन्फोत (वायरशार्कची इशाऱ्यांची यादी) एरर टाकून लूपमधून बाहेर.

मला आधी वाटलं हे फक्त मुद्दाम बिघडवलं तरच होणार, मग टेस्टिंगच्या दादांना विचारलं, ते म्हणाले तो लॅपटॉप कधीकधी अडकतो, 'जुना झालाय', पॉवर बटण दाबून बंद करायचा.

कोथरूडची_कैरी | शनिवार, सकाळी ९:४५

वाईट वाटून घेऊ नकोस, वायरशार्कच्या सिक्युरिटी अ‍ॅडव्हायझरी काढून बघ, 'इन्फिनिट लूप' हा शब्द किती वेळा येतो ते. मोठमोठ्यांचे डिसेक्टर असेच लटकलेत.

एक विचारायचं राहिलं. ही डीएलएल तुमच्याबाहेर कुणाला देता का?

गुरुवार_सुट्टी | शनिवार, सकाळी १०:२०

हो, साइटवर काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या लोकांना देतो. का?

कोथरूडची_कैरी | शनिवार, सकाळी १०:४०

वायरशार्कचं लायसन्स जीपीएल दोन (सोर्स खुला ठेवायला लावणारं) आहे, प्लगइन त्याच्या आतली फंक्शनं वापरतं. घरात वापरा काही प्रश्न नाही, पण बाहेर डीएलएल दिलीत तर घेणाऱ्याने मागितल्यावर सोर्सही द्यावा लागतो, त्याच लायसन्सखाली. साहेबांच्या कानावर घाल.

पेठी_पॉइंटर | शनिवार, सकाळी ११:०५

मग सरळ वर पाठवून द्या की, मूळ प्रोजेक्टमध्ये. २०२०पासून गिटलॅबवर आहे, मर्ज रिक्वेस्ट (बदल आत घ्यायची विनंती) टाकायची. आत गेलं की पुढे कुणी एपीआय बदलला तर तोच तुमची फाइल पण बदलतो. आता जीलिब लायब्ररीचे टाइप काढून सी भाषेच्या सी९९ प्रमाणातले आणले, तेव्हा झाडातले सगळे डिसेक्टर त्यांनीच बदलले, बाहेरच्यांनी आपापलं निस्तरलं.

कोथरूडची_कैरी | शनिवार, सकाळी ११:३०

इथे नाही पटत मला. एका कंपनीचा, मरायला टेकलेला प्रोटोकॉल, जगात बाकी कुणाकडे डबा नाही. रिव्ह्यू करणारे फुकट काम करतात, त्यांनी हे का वाचावं? आणि आत गेलं तर ते डबे भंगारात गेल्यावरही ती फाइल कुणीतरी सांभाळत राहणार. बाहेरच ठेवा, दर मायनर व्हर्जनला पुन्हा बिल्ड करा, ४.४साठी बनवलेली डीएलएल पुढच्या मायनर व्हर्जनवर चढणार नाही एवढं लक्षात असू द्या.

पेठी_पॉइंटर | शनिवार, सकाळी ११:४१

सांभाळायला वेळ लागतो म्हणूनच तर आत टाकायचं ना. असो, पोरगं ठरवेल आणि त्याचे साहेब.

गुरुवार_सुट्टी | सोमवार, रात्री १०:५५

साहेबांशी बोललो. सध्या बाहेरच. सोर्स झिप करून कॉन्ट्रॅक्टरला डीएलएलसोबतच देणार, लायसन्सच्या फाइलसकट, त्यांना त्याचं काय करायचं ते कळणार नाही पण देणार.

आज सगळ्यांच्या पीसीवर ४.४ टाकलं. बेंचच्या कॅप्चरवर जुन्या लॅपटॉपचं आउटपुट आणि नवीन टेक्स्टमध्ये काढून डिफ मारला, दोनशेच्या आसपास फरक, एकेक बघितला. बहुतेक सगळे त्या दुसऱ्या न दिसणाऱ्या मेसेजचे. तीन मात्र माझे निघाले, एका जागी साइन्ड तापमान अनसाइन्ड केलं होतं मी, उणे २ अंशांना ६५५३४ दाखवत होतं. भोसरीत उणे तापमान कुठून, म्हणून बेंचवर कधी दिसलं नसतं, पण कॅलिब्रेशनच्या वेळी कुणीतरी डब्याला तशी व्हॅल्यू घातलेली होती म्हणून वाचलो.

दादांना दाखवलं, फाइल उघडल्या उघडल्या सगळे रिस्पॉन्स उलगडलेले. म्हणाले वा. आणि सवयीने आधी रिक्वेस्टवर क्लिक केलं, मग रिस्पॉन्सवर.

जुना_टेलेक्स | मंगळवार, पहाटे ५:२०

तो १९८००चा खुलासा कमेंटमध्ये लिहिलात का?

गुरुवार_सुट्टी | मंगळवार, सकाळी ८:५०

लिहिला काका, चार ओळी, वजाबाकीसकट. 'हात लावू नये' पण ठेवलंय, खाली.

सिंहगड_ट्रेक | मंगळवार, सकाळी ११:३०

सुडो सोडलं, ग्रुपने चालतंय, थँक्स. मी पण एक छोटं ल्युआ प्लगइन लिहायला घेतलंय पण ते कुठल्या फोल्डरात टाकायचं तेच सापडत नाही, नेटवर प्रत्येक जण वेगळा पाथ सांगतो.

ल्युआप्रेमी | मंगळवार, सकाळी ११:३८

नेट सोड. हेल्पमध्ये अबाउट वायरशार्क, त्यात फोल्डर्सचा टॅब, 'पर्सनल ल्युआ प्लगइन्स'च्या समोर जो पाथ आहे त्यावर डबलक्लिक कर. फोल्डर नसेल तर तोच बनवायचं का विचारेल. फाइल टाक आणि कंट्रोल-शिफ्ट-एल दाब, ल्युआ रीलोड होतं, बंद करून उघडायची गरज नाही.